झांबिया सावरतोय का? मंदीतून उठणाऱ्या देशाचे आकडे घरबसल्या कसे वाचायचे

एका साईटवर बातमी असते की आफ्रिकेतल्या झांबियाची अर्थव्यवस्था रुळावर आली, तांब्याचं उत्पादन वाढलं, कर्जाचा प्रश्न सुटला. त्याच आठवड्यात दुसरीकडे वाचायला मिळतं की राजधानी लुसाकात लोकांना मक्याचं पीठ परवडत नाहीये. वाचणारा म्हणतो यातलं एक कुणीतरी खोटं बोलतंय. बहुतेक वेळा दोघंही खरं सांगत असतात, फक्त दोघं वेगवेगळ्या माणसांबद्दल सांगत असतात. ते वेगळं कसं करायचं ते या लेखात सांगतो. अर्थशास्त्राची डिग्री लागत नाही, वही, पेन आणि महिन्याला तासभर वेळ पुरतो.

झांबियाच का घेतला तर या एका देशात मंदीनंतरचं सगळं बघायला मिळतं: थकलेलं कर्ज, पडलेलं चलन, दुष्काळ, सत्ताबदल, आणि एकाच धातूवर चालणारी निर्यात. शिवाय आपल्याकडची बरीच मंडळी खाणकामाच्या नोकरीसाठी नाहीतर पंप, औषधं, स्पेअर पार्ट विकायला तिकडे जायचा विचार करतात, आणि निर्णय घेतात तो एखाद्या व्हॉट्सअॅप फॉरवर्डवर. ते बघून वाईट वाटतं, कारण लागणारी माहिती उघड्यावर असते, फुकट असते.

आधी तारखा एका खाली एक लिहून काढा

कुठलाही देश "सावरतोय" म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा, कशातून? झांबियाच्या बाबतीत मंदी एक नाही, एकावर एक चढलेल्या तीन-चार आहेत, आणि हे कागदावर मांडल्याशिवाय नंतरचा एकही आकडा नीट लागत नाही.

माझ्या वहीत हे असं आहे. २०१२ला झांबियाने पहिल्यांदा डॉलरमधले आंतरराष्ट्रीय बाँड (म्हणजे कर्जरोखे) विकले, ७५ कोटी डॉलरचे, व्याज साडेपाच टक्क्यांच्याही आत. तेव्हा तांब्याला भाव होता, सगळे खूश होते. २०१४ला अजून १०० कोटी, आता व्याज साडेआठ टक्के. २०१५ला १२५ कोटी आणि व्याज जवळपास ९ टक्के. म्हणजे तीन वर्षांत ३०० कोटी डॉलर उचलले आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा महाग. त्याशिवाय चीनच्या बँकांकडून रस्ते, विमानतळ, वीजप्रकल्पांसाठी घेतलेलं कर्ज वेगळंच. २०१५लाच तांब्याचा भाव कोसळला आणि पाऊसही नीट झाला नाही. नंतर २०२०ला कोविड आला, त्या वर्षी अर्थव्यवस्था २.८ टक्क्यांनी आकसली, आणि नोव्हेंबर २०२०मध्ये ४ कोटी २५ लाख डॉलरचा व्याजाचा हप्ता भरता आला नाही. कोविडच्या काळात कर्ज थकवणारा आफ्रिकेतला तो पहिला देश ठरला.

ऑगस्ट २०२१ला निवडणुकीत एडगर लुंगू हरले आणि हाकाइंदे हिचिलेमा राष्ट्राध्यक्ष झाले. ऑगस्ट २०२२ला आयएमएफने (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने) १३० कोटी डॉलरचा कार्यक्रम मंजूर केला. गाडी रुळावर येतेय असं वाटत असतानाच २०२३-२४चा पावसाळा गेला, फेब्रुवारी २०२४च्या शेवटी सरकारने दुष्काळ ही राष्ट्रीय आपत्ती म्हणून जाहीर केली, ११६पैकी ८४ जिल्हे त्यात होते.

हे लिहून झालं की पुढे कुणी "मंदीनंतर झांबिया" असं लिहिलं तर लगेच विचारता येतं, बाबा कुठल्या मंदीनंतर? २०२०शी तुलना करून वाढ दाखवली तर ती मोठी दिसणारच, खड्ड्यातून मोजायला सुरुवात केली की.

तांबं: भाव एका रकान्यात, टन दुसऱ्या रकान्यात

झांबियाच्या निर्यातीच्या उत्पन्नातला साधारण ७० टक्के हिस्सा एकट्या तांब्याचा आहे. त्यामुळे तांब्याशिवाय काहीच समजणार नाही, पण इथेच लोक सगळ्यात जास्त गोंधळ घालतात कारण भाव वाढला आणि उत्पादन वाढलं या दोन गोष्टी ते एकत्र करून टाकतात.

भाव लंडन मेटल एक्स्चेंजवर ठरतो आणि त्यावर लुसाकाचं काही चालत नाही. २०१६च्या सुरुवातीला टनाला साडेचार हजार डॉलरच्या खाली होता, मार्च २०२०ला परत पाच हजारांच्या खाली गेला, मे २०२१ला दहा हजारांच्या वर. चीनमध्ये बांधकाम किती चाललंय, इलेक्ट्रिक गाड्या किती विकल्या जातायत, यावर तो हलतो. भावामुळे आलेली तेजी ही भावाबरोबरच निघून जाते.

टन मात्र झांबियाच्या हातात आहेत. २०२३ला उत्पादन सात लाख टनांच्याही थोडं खाली आलं होतं, २०२४ला ते ८ लाख २० हजार टनांच्या आसपास गेलं, तेही दुष्काळाच्या आणि लोडशेडिंगच्या वर्षात. सरकारचं लक्ष्य २०३०चं दशक सुरू होता होता वर्षाला ३० लाख टन करायचं आहे. २०२४च्या आकड्याच्या साडेतीन पटीहून जास्त. हे लक्ष्य वाचलं की उत्साहात येऊ नका आणि टाकाऊही समजू नका, सरळ खाणींची नावं लिहा आणि एकेक तपासा.

खाणींचे दोन गट आहेत. जुना कॉपरबेल्ट, म्हणजे किटवे, चिंगोला, मुफुलिरा ही गावं, खोल भूमिगत खाणी, कोंकोलात तर जगातल्या सगळ्यात जास्त पाणी झिरपणाऱ्या खाणींपैकी एक, तिथे पाणी उपसायलाच प्रचंड वीज जाते. आणि नवा पट्टा वायव्येकडे, सोलवेझी, लुमवाना, कालुंबिलाकडे, उघड्या मोठ्या खाणी, फर्स्ट क्वांटम आणि बॅरिक या कंपन्यांच्या. अलीकडची वाढ कुठून येतेय ते बघितलं तर या नव्या पट्ट्याकडे लक्ष जातं. बॅरिकने लुमवाना वाढवायला साधारण २०० कोटी डॉलरचं काम काढलंय, फर्स्ट क्वांटमचं कन्सान्शीचं विस्ताराचं कामही मोठं होतं.

जुन्या पट्ट्याची गोष्ट वेगळी आहे आणि इथे गोव्याच्या वाचकांना ओळखीचं नाव भेटेल. चिंगोलाची कोंकोला कॉपर माइन्स २००४ला वेदांताने घेतली, तोच ग्रुप ज्याने २००७ला सेसा गोवा ही लोहखनिजाची कंपनी घेतली. मे २०१९ला लुंगू सरकारने ती खाण लिक्विडेटरच्या (बुडीत कंपनीचा कारभार गुंडाळायला नेमलेल्या माणसाच्या) ताब्यात दिली, वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या, आणि जुलै २०२४ला ती पुन्हा वेदांताकडे आली, पाच वर्षांत १०० कोटी डॉलर घालण्याच्या वचनावर. मधल्या पाच वर्षांत ज्यांची दुकानं, ट्रक, गॅरेज त्या खाणीवर चालत होती त्यांचं काय झालं असेल हे गोव्यातल्या डिचोली, सांगे, केपे भागात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको, २०१२ आणि परत २०१८ला खाणी थांबल्या तेव्हा तिकडच्या ट्रकवाल्यांनी आणि बार्जवाल्यांनी तेच भोगलंय. आणि दुसरी बाजूही लिहून ठेवा, चिंगोलाजवळच्या गावकऱ्यांनी नदीच्या प्रदूषणावरून वेदांताविरुद्ध थेट इंग्लंडमध्ये केस लावली होती आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ला ती इंग्लंडमध्ये चालू शकते असा निकाल दिला. फेब्रुवारी २०२५ला दुसऱ्या एका, चिनी मालकीच्या खाणीचा टाकाऊ पाण्याचा बांध फुटून आम्लयुक्त पाणी काफुए नदीत गेलं. उत्पादनाच्या टनांमध्ये हा खर्च कुठेच दिसत नाही, पण नदीकाठच्या शेतकऱ्याच्या हिशोबात तो असतो.

मुफुलिरा आणि किटवेची मोपानी खाण पण बघा, ग्लेनकोरने २०२१ला ती सरकारी कंपनीला विकली, किंमत फक्त एक डॉलर पण सोबत १५० कोटी डॉलरचं देणं. नंतर २०२४ला अबू धाबीच्या एका कंपनीने ५१ टक्के हिस्सा घेतला. म्हणून टनांचा आकडा बघताना मालक कोण, पैसे खरंच घातले गेले का, नुसती घोषणा आहे का, हे तीन प्रश्न प्रत्येक खाणीपुढे लिहायचे.

पाऊस आणि वीज हा एकच विषय धरा

हा भाग मी सगळ्यात जास्त मनापासून सांगतो कारण शहरात बसून आकडे वाचणारे हाच विसरतात.

झांबियाची ८० टक्क्यांहून जास्त वीज पाण्यावर बनायची. झांबेझी नदीवर करिबा धरण आहे, एका काठावर झांबिया आणि दुसऱ्या काठावर झिंबाब्वे, दोघांची वीजघरं एकाच जलाशयावर. झांबियाच्या बाजूचं वीजघर १,०८० मेगावॅटचं. पाऊस गेला की एकाच वेळी दोन गोष्टी घडतात, शेतातला मका करपतो आणि काही महिन्यांनी वीजही जाते, कारण झांबेझीचं वरच्या अंगाचं पाणी करिबात पोचायला वेळ लागतो. म्हणजे शेतीचा फटका एप्रिल-मेच्या कापणीत दिसतो आणि विजेचा फटका त्यानंतर पुढचं अख्खं वर्ष पुरतो.

२०२४ला नेमकं हेच झालं. मक्याचं उत्पादन आदल्या वर्षीच्या ३२ लाख टनांवरून १५ लाख टनांवर आलं, म्हणजे निम्म्याहून खाली. मग वीज गेली, काही भागांत दिवसाला २० तासांच्या वर लोडशेडिंग होतं. २००५ ते २०१०च्या काळात महाराष्ट्राच्या गावांत ज्यांनी दिवस काढलेत त्यांना १२ तासांचं लोडशेडिंग काय असतं ते माहितीये, हे त्याच्याही पुढचं. मोठ्या खाणींनी बाहेरून वीज विकत घेतली, जनरेटर चालवले आणि टन काढले. वेल्डिंगवाला, सलूनवाला, फ्रीजरमध्ये कोंबड्या-मासे ठेवून विकणारी बाई, मका दळून देणारी छोटी गिरणी, हे सगळे बसून राहिले. त्या वर्षी तांबं वाढलं आणि हातावर पोट असणारा बुडाला, दोन्ही एकाच वर्षात. घरात वीज नाही म्हटल्यावर लोक लाकडी कोळशावर स्वयंपाक करतात, कोळसा महागतो आणि जंगलही तुटतं.

हे स्वतः कसं तपासायचं? झांबेझी रिव्हर अथॉरिटी नावाची दोन्ही देशांची मिळून एक संस्था आहे, ती करिबाची पाणीपातळी नियमित जाहीर करते. जलाशय समुद्रसपाटीपासून ४७५.५० ते ४८८.५० मीटर या पट्ट्यात चालवायला बांधलेला आहे, ४७५.५० म्हणजे वीज बनवण्यासाठी तळ. आकडा ४७६-४७७च्या आसपास रेंगाळताना दिसला तर अर्थमंत्री काहीही बोलोत, विजेचं वर्ष वाईट जाणार. सरकारने यातून सौरऊर्जेकडे वळायला सुरुवात केलीय, जून २०२५ला चिसांबाला १०० मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू झाला, चांगली गोष्ट आहे, पण करिबाच्या १,०८०पुढे तो आकडा ठेवून बघा म्हणजे अजून किती काम बाकी आहे ते कळेल.

पाऊस परत आला की सुधारणाही झपाट्याने दिसते. २०२५च्या हंगामात मका ३६ लाख टनांच्या वर गेला, विक्रमी पीक. आता इथे थांबून विचार करा, पीक विक्रमी आलं की शहरातल्या माणसाला पीठ स्वस्त, पण शेतकऱ्याला भाव पडलेला. सरकारची फूड रिझर्व्ह एजन्सी मका विकत घेते, तिचे पैसे वेळेवर मिळाले तर शेतकरी पुढच्या हंगामाचं बी-खत घेतो, अडकले तर पुढच्या वर्षीच्या पिकावर परिणाम. म्हणून विक्रमी पिकाची बातमी आली की तीन महिन्यांनी "शेतकऱ्यांना पैसे मिळाले का" ही बातमी शोधायची, ती जास्त महत्त्वाची असते.

क्वाचा बघा, पण नुसता आजचा रेट बघू नका

चलनाचं नाव क्वाचा. २०१३च्या सुरुवातीला त्यातली तीन शून्यं कापली, त्यामुळे त्याआधीचा कुठलाही आकडा सापडला तर हजाराने भागा, नाहीतर हिशोब पार गडबडतो.

२०२०च्या सुरुवातीला डॉलरला १४-१५ क्वाचा पडायचे, २०२१च्या मध्यापर्यंत २२च्या वर गेले, निवडणुकीनंतर विश्वास आला आणि महिन्याभरात १६-१७वर आले. त्यानंतर कर्जाची बोलणी लांबली, दुष्काळ आला, आणि २०२४ संपताना रेट २८च्या आसपास. २०२५मध्ये परत मजबूत झाला आणि वर्षाच्या शेवटी २३च्या आसपास आला. इतकं वर-खाली होणाऱ्या चलनात जीडीपी (देशातल्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाची किंमत) डॉलरमध्ये दाखवला की चित्र फसवं होतं, क्वाचा मजबूत झाला की देशात एक पोतंही जास्त पिकलं नसताना डॉलरमधला जीडीपी फुगतो. म्हणून वाढ बघायची तर क्वाचातली, महागाई वजा केलेली, आणि डॉलर रेट बघायचा तो पेट्रोल-डिझेल, खत, औषधं या बाहेरून येणाऱ्या मालासाठी.

महागाई: दर खाली आला म्हणजे भाव खाली आला नाही

हे शंभरदा सांगूनही लोक चुकतात. समजा पिठाची पिशवी १०० क्वाचाची होती. एका वर्षात २४ टक्के महागाई, झाली १२४. पुढच्या वर्षी १० टक्के, झाली १३६. पेपरात मथळा येतो "महागाई २४वरून १०वर घसरली" आणि घरातली बाई १३६ मोजत असते. झांबियात २०२१च्या मध्यात महागाई खरंच २४ टक्क्यांच्या वर होती, २०२२ला ती १०च्या खाली आली, दुष्काळानंतर फेब्रुवारी २०२५ला परत १६.८वर गेली आणि २०२५ संपताना ११च्या आसपास उतरली. बँक ऑफ झांबियाचं लक्ष्य ६ ते ८ टक्के आहे. हे सगळे दर एकमेकांवर चढवत गेलं की २०२०ची १०० क्वाचाची वस्तू कुठे पोचली असेल ते स्वतः कॅल्क्युलेटरवर करून बघा, मथळ्यावरचा विश्वास बराच कमी होईल.

झांबिया स्टॅटिस्टिक्स एजन्सी दर महिन्याच्या शेवटी महागाईचा आकडा देते. त्यात एकूण आकडा सोडून अन्नधान्याची महागाई वेगळी वाचा. आणि शक्य असेल तर २५ किलोच्या मीली मीलच्या पिशवीची किंमत शोधा. मीली मील म्हणजे मक्याचं पीठ, त्याची न्शिमा करतात, घट्ट शिजवलेला गोळा, आपल्याकडे जशी भाकरी तसं त्यांचं रोजचं. त्यात दोन प्रकार असतात, पांढरंशुभ्र ब्रेकफास्ट मील आणि जरा जाडसर, स्वस्त रोलर मील. लोक ब्रेकफास्ट सोडून रोलरवर यायला लागले तर समजायचं की घरखर्च आवळला जातोय.

लुसाकातली जेसुइट सेंटर फॉर थिऑलॉजिकल रिफ्लेक्शन ही संस्था अनेक वर्षं एक काम फार चिकाटीने करतेय, पाच जणांच्या कुटुंबाला महिन्याला जगायला किमान किती क्वाचा लागतात ते बाजारात जाऊन मोजते आणि छापते. पीठ, कपेंटा नावाचे छोटे सुके मासे, भाजी, तेल, कोळसा, घरभाडं, सगळं त्यात. हा आकडा एका बाजूला आणि शिक्षक किंवा नर्सचा पगार दुसऱ्या बाजूला ठेवायचा. मला विचाराल तर अख्ख्या रिपोर्टमधलं यापेक्षा उपयोगी पान नाही.

कर्ज "सुटलं" म्हणजे काय झालं

मंदीनंतरच्या देशाबद्दल सगळ्यात जास्त गुंतागुंतीच्या बातम्या कर्जाच्या असतात, तर थोडं सावकाश. झांबियाला पैसे देणारे दोन मोठे गट होते. एक, सरकारं आणि सरकारी बँका, त्यात चीनची एक्झिम बँक सगळ्यात मोठी. दोन, बाँड घेतलेले खासगी गुंतवणूकदार. जी-२० देशांनी २०२०ला कॉमन फ्रेमवर्क नावाची एक पद्धत काढली, सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि सगळ्यांनी सारखी झळ सोसायची.

प्रत्यक्षात फार वेळ गेला. सरकारी गटाशी ६३० कोटी डॉलरचा करार जून २०२३ला पॅरिसमध्ये झाला, त्यातले सुमारे ४१० कोटी एक्झिम बँकेचे. बाँडवाल्यांशी नोव्हेंबर २०२३ला जमलं असं वाटलं तेवढ्यात सरकारी गट म्हणाला की हे बाँडवाले पुरेसं सोडत नाहीयेत, आणि ते फिस्कटलं. शेवटी मार्च २०२४ला परत ठरलं आणि जूनमध्ये पूर्ण झालं. हप्ता थकल्यापासून साडेतीन वर्षं. या साडेतीन वर्षांत नवं कर्ज मिळणं अवघड, गुंतवणूकदार वाट बघत बसलेले, क्वाचा घसरतोय, आणि याची किंमत लुसाकाच्या बाजारातल्या माणसाने मोजली, न्यूयॉर्क किंवा बीजिंगमधल्या कुणी नाही. मला हे अन्यायाचं वाटतं आणि ते मी स्पष्ट लिहितो.

आता करार वाचायचा कसा. आकडा किती "माफ" झाला हे शोधू नका, तारखा शोधा. सरकारी कर्ज मुळात माफ झालेलं नाही, लांबवलंय: परतफेड २०४३पर्यंत, सुरुवातीची काही वर्षं फक्त व्याज, आणि व्याज २०३७पर्यंत १ टक्का. म्हणजे आत्ता श्वास घ्यायला जागा मिळाली. दुसरं, त्यात एक अट आहे जी बातम्यांत शेवटच्या ओळीत येते: झांबियाची परिस्थिती ठरावीक पातळीपेक्षा चांगली झाली तर परतफेड लवकर आणि जास्त करावी लागेल, बाँडच्या एका भागालाही अशीच अट आहे. निर्यात वाढली, आयएमएफने देशाची कर्ज पेलायची ताकद वरच्या श्रेणीत टाकली, की कर्ज देणाऱ्यांना जाणारा हप्ता वाढतो. त्यामुळे "निर्यातीत विक्रम" वाचलं की त्यातलं देशात किती उरणार हा प्रश्न सोबत विचारायचा.

सोडवलेल्या पैशाचं काय केलं तेही बघा. हिचिलेमा सरकारने २०२२पासून सरकारी शाळांची फी काढली, ३० हजार शिक्षक भरले, आणि प्रत्येक मतदारसंघाच्या विकासनिधीची रक्कम १६ लाख क्वाचावरून अडीच कोटींच्या वर नेली. त्याच वेळी डिसेंबर २०२१ला इंधनाची सबसिडी काढल्याने पेट्रोल-डिझेल महागलं. वर्गात मुलं वाढली तेवढे बाक वाढले का, हे विचारणारे तिकडचे पालक अगदी बरोबर विचारतायत.

माणसांची संख्या विसरू नका

हा एक छोटा हिशोब सगळं चित्र बदलतो. २०१०च्या जनगणनेत झांबियाची लोकसंख्या १ कोटी ३१ लाख, २०२२ला १ कोटी ९६ लाख. म्हणजे वर्षाला तीन टक्क्यांच्या वर वाढ. त्यामुळे जीडीपी ३ टक्क्यांनी वाढला म्हणजे सरासरी माणूस होता तिथेच. ४ टक्क्यांच्या वाढीतून माणशी एक टक्काही धड मिळत नाही. आणि गरिबीचा सरकारी सर्व्हे बघा, २०१५ला ५४ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते, २०२२ला ६० टक्के. सात वर्षांत देशाचा जीडीपी वाढला आणि गरिबीही वाढली, कारण मोठ्या खाणीत माणसं कमी लागतात आणि बहुतेक लोक शेतावर किंवा छोट्या बिननोंदणीच्या धंद्यात आहेत.

अंदाज वाचताना

आयएमएफ, वर्ल्ड बँक आणि अर्थमंत्रालय तिघांचे अंदाज शेजारी शेजारी ठेवा आणि तारीख लिहा. २०२४चंच बघा, दुष्काळ दिसल्यावर आयएमएफने वाढीचा अंदाज आधी २.३ आणि नंतर १.२ टक्क्यांवर आणला होता, प्रत्यक्षात सरकारी आकडा ४ टक्क्यांच्या जवळ आला कारण खाणी आणि मोबाईल-इंटरनेटसारख्या सेवा शेतीपेक्षा खूप जोरात चालल्या. अंदाज चुकला म्हणून संस्था वाईट असं नाही. अंदाजातली एकूण टक्केवारी सोडा आणि खाली लिहिलेल्या गृहीतकांकडे जा, पाऊस सरासरी, तांब्याचा भाव इतका, वीज इतकी. यातलं एक हललं की वरचा आकडा हलणारच.

आता हे वापरायचं कुठे

चिंगोला किंवा सोलवेझीला नोकरीची ऑफर असेल तर आधी विचारा पगार डॉलरमध्ये ठरलाय की क्वाचात, आणि क्वाचात असेल तर दर वर्षी तो कशाच्या आधारे वाढणार ते लेखी घ्या. खाणीचा मालक गेल्या पाच वर्षांत बदललाय का ते बघा. तुमचा करार थेट खाणीशी आहे की कॉन्ट्रॅक्टरशी हे त्याहून महत्त्वाचं, कारण खाण अडचणीत आली की कॉन्ट्रॅक्टरचे पैसे आधी अडकतात आणि त्याच्यामागे त्याच्या माणसांचे.

माल विकणार असाल, म्हणजे पुणे-सांगली-कोल्हापूरकडचे पंप, फाउंड्रीचा माल, शेतीची अवजारं असं काही, तर हंगाम सांभाळा. तिकडे पाऊस नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलला संपतो, शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो तो कापणीनंतर मका विकल्यावर, त्यामुळे अवजारांची मागणी जुलै ते ऑक्टोबर. उधारीवर माल देणार असाल तर मागच्या सहा महिन्यांत क्वाचा किती हलला ते बघून मुदत ठरवा, शक्यतो लेटर ऑफ क्रेडिट (खरेदीदाराच्या बँकेची पैशाची लेखी हमी) घ्या, आणि ते उघडणारी बँक कुठली ते तुमच्या बँकेला विचारून घ्या.

आणि ज्यांना फक्त समजून घ्यायचंय, स्पर्धा परीक्षेची मुलं किंवा माझ्यासारखे आवड म्हणून बघणारे, त्यांनी वर्षाचं वेळापत्रक असं ठेवा: फेब्रुवारीत पाऊस कसा झाला, मेमध्ये पीक किती आलं, जुलैमध्ये करिबाची पातळी किती, सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी संसदेत बजेट, आणि दर महिन्याच्या शेवटी महागाई. बजेटचं भाषण इंग्रजीत असतं आणि मोफत मिळतं, त्यात आधी कर्जाच्या व्याजावर किती जाणार ते शोधा आणि शेजारी आरोग्य आणि शिक्षणावर किती ते लिहा. मागच्या तीन बजेटचे हेच आकडे एका ओळीत मांडले की व्याजाचा वाटा कमी होतोय का वाढतोय ते दिसेल, आणि पुढच्या वर्षी त्याच ओळीत चौथा आकडा भरायचा.